मधले दोन दात

१२ ऑगस्ट, शनिवार

आज पाचवं कोकरू गेलं. सकाळी आईच्या कासेला ढुशा देत होतं, दुपारी गव्हाणीखाली आडवं. कास चेपून पाहिली तर रिकाम्या पिशवीसारखी. दूध नाही, कारण मेंढी खात नाही. आणि खात नाही असंही नाही. तासन्‌तास तोंड हलवते आणि मग अर्धवट चघळलेला चोथा खाली टाकून देते. गव्हाणीभोवती हिरवट बोळे पडलेत, परीक्षेत पेपर अवघड गेल्यावर कुणी कागद चुरगळून टाकावेत तसे.

बाबा म्हणाले, तोंड उघडून बघ. मेंढीला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, नुसती टणक हिरडी असते. सगळा कारभार खालच्या आठ दातांचा. हिचे मधले दोन तेवढे उभे होते, बाकीचे तपकिरी खुंट, हिरडीच्या बरोबरीला आलेले. गवत तोडणार कशाने?

कोकरू मीच पुरलं. बाबा खड्ड्याशी उभे राहिले आणि घरात गेले.

कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले होते, आता हा मेंढ्या राखणार. राखतोय. प्रयोगशाळेत सरांशी भांडून बाहेर पडलो त्याला वर्ष होत आलं. भांडण खरं होतं. पण मला बाजाराच्या खिडकीत बसणाऱ्या तिच्यापासून लांब राहवत नव्हतं हे जास्त खरं. हे फक्त वहीला माहीत आहे.

संध्याकाळी पाण्याचा हौद घासला. कडेला पांढरा थर चढतो, तो खरवडावा लागतो. पण पाणी म्हणाल तर काचेसारखं. चार वर्षांपूर्वी मी बाबांशी आठवडाभर भांडलो म्हणून ही बोअर झाली, नाहीतर आजही लांबच्या तळ्यावर कळप हाकत बसलो असतो. या घरात माझ्या हातून झालेली एक गोष्ट तरी धड आहे.

१४ ऑगस्ट, सोमवार

विकत घेतलेल्या तीसही मेंढ्यांची तोंडं उघडली. तीसही जणींची तीच गत, कुणाची कमी, कुणाची जास्त. दोघींनी माझं बोट चावलं, त्यांना त्यातल्या त्यात बऱ्यांत धरलं. गंमत म्हणजे घरची म्हातारी, नऊ वर्षांची, अजून वाळके दांडे कराकरा मोडते.

मेंढीला जन्मदाखला नसतो. वय दातांवरून काढायचं. दुधाचे दात असतील तर अदात. मग मधली जोडी पडून तिथे मोठी जोडी येते, ती दोन दाती, साधारण दीड वर्षाची. पुढे चार दाती, सहा दाती, आठ झाले की तोंड जुळलं. त्यानंतर झीज बघायची. जास्त झीज, जास्त वय.

आमच्या बाजारात हे काम एकच माणूस करतो. फाटकाजवळच्या दगडी बाकावर बसतो, मेंढीच्या ओठाखाली अंगठा सरकवतो, डोळे मिटतो आणि आकडा सांगतो. अंगठेकाका. लिहिता-वाचता येत नाही, सहीच्या जागी अंगठा उठवतात, म्हणूनही अंगठेकाका. हल्ली नजर अधू झाली आहे. ते म्हणतात, बरं झालं, डोळे मिटायचे कष्ट वाचले. शेजारी बाजाराच्या कचेरीच्या खिडकीत त्यांची मुलगी बसते. ते आकडा सांगतात, ती वहीत लिहिते. तिच्या वहीत चढला तो आकडा शेवटचा, त्यावर कुणी वाद घालत नाही. तीन वर्षांत मी त्या खिडकीशी जितक्या वेळा गेलो तितक्या मेंढ्याही आमच्याकडे नाहीत.

या तीस घेतल्या तेव्हा काका म्हणाले होते, दोन दाती. बाबांनी स्वतः एकही तोंड उघडून पाहिलं नाही. काकांनी सांगितल्यावर कोण बघतो? त्याला तीन वर्षं झाली. म्हणजे आज या साडेचार वर्षांच्या हव्यात. आणि तोंडं पाहावीत तर सात-आठ वर्षांची. याचा अर्थ एकच होतो.

बाबा म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, यात डॉक्टर काय करणार? विकणारा कुठला कोण, आला आणि गेला. शब्द काकांचा होता. बाबा म्हणाले, "तुझ्या डोक्यातली चूल एकदा पेटली की वर काय ठेवलंय तेही तू बघत नाहीस."

ते तिचे वडील आहेत हे मला कळत नाही का? पण पाच कोकरं मी पुरली आहेत, बाजाराने नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

आजचं आजच लिहायला हवं.

एका मेंढीला दोरी बांधून बाजारात नेलं. काकांसमोर उभी केली आणि म्हटलं, हिचं वय सांगा. त्यांनी अंगठा घातला. नेहमी पाच श्वासांचं काम, आज बराच वेळ लागला. अंगठा कडेला नेला, परत मध्ये आणला, तिथेच थांबवला.

"कुणाची रे ही?"

"आमची. तुम्ही दोन दाती सांगितलेली. तीन वर्षांपूर्वी."

ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, हे तोंड आठ वर्षांचं आहे की नाही ते सांगा. ते गप्प. माणसं गोळा झाली. माझा आवाज कधी चढला मला कळलं नाही. विकणाऱ्याकडून काय ठरलं होतं असंही विचारलं बहुतेक. तरी ते गप्पच. ती शांतता माझ्या डोक्यात गेली आणि मी म्हणालो, "ज्याला एक अक्षर वाचता येत नाही तो दात काय वाचणार? अंगठेबहाद्दर."

लोक हसले. हा शब्द त्यांच्या मागे कुणी ना कुणी वापरतच असेल. तोंडावर आज मी वापरला.

काकांनी अंगठा पाण्याच्या डब्यात बुडवला, खांद्यावरच्या फडक्याला पुसला. एकदा खिडकीकडे तोंड वळवलं, माझ्याकडे नाही. मग उठून चालायला लागले. रस्ता चाचपत. बोलण्यासारखं काही असतं तर बोलले नसते का? खरा माणूस असा उठून जातो?

खिडकीत तिने पेनाला टोपण लावलं. टक्. एवढ्या गलक्यात मला तेवढंच ऐकू आलं.

१९ ऑगस्ट

मी बरोबर होतो. ती शहाणी आहे. चार दिवस रागावेल, मग तिलाच कळेल की मनात एक आणि ओठांवर एक असलं मला जमत नाही. असल्या माणसाशी संसार करणं सोपं असतं, असं मी तिला सांगणार आहे.

सहावं कोकरू गेलं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

बाक रिकामा होता. कुणीतरी त्यावर दोरांची वेटोळी ठेवली होती.

जो तो मोबाईलचा दिवा पाडून मेंढीच्या तोंडात डोकं घालत होता. दोन ठिकाणी कॉलर धरण्यापर्यंत गेलं. मला मात्र तिघांनी पाठीवर थाप मारली. बरं झालं कुणीतरी बोललं, आम्हाला आधीपासूनच शंका होती, असं म्हणाले. ज्याच्या ज्याच्या घरी एखादी मेंढी कधी खंगली होती, त्याला आज काकांचा अंगठा आठवत होता. मला बरं वाटायला हवं होतं.

खिडकीशी गेलो. तिने वर न बघता विचारलं, "मेंढ्या किती?"

"एकही नाही. तुला भेटायला आलो."

"मग मागच्यांना येऊ द्या. तुम्ही बाजूला उभे राहा."

तीन वर्षांत ती मला अरे म्हणाली आहे, वेड्या, शहाण्या, मेंढरा, सगळं म्हणाली आहे. तुम्ही कधी म्हणाली नव्हती. मी बाजूला उभा राहिलो. बाजार उठेपर्यंत उभा होतो.

३० ऑगस्ट, बुधवार

बाबांनी मला न विचारता डॉक्टरबाईंना बोलावलं. बाई बुटक्या, गमबूट घातलेल्या, बोलता बोलता मेंढीला कधी खाली बसवतात कळत नाही. मी आपली सगळी कहाणी सांगितली, फसवणूक वगैरे. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, घरात जन्मलेली एखादी आहे का?

काजळी आहे. म्हातारीची मुलगी, काळ्या कानांची. मी तिचं तोंड उघडलं. सहा दातांचे खुंट. इतके दिवस तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं, कारण तिला कुणी मला विकलं नव्हतं.

"दातांवरून वय सांग हिचं," बाई म्हणाल्या.

"दातांवरून सात-आठ."

त्यांनी माझं बोट धरून अगदी कडेला नेलं. तिथे शेवटची जोडी हिरडीतून नुकती वर येत होती, टोकाला तपकिरी रेघ घेऊनच. "सात-आठ वर्षांच्या बाईला आता दात फुटतायत?"

मी म्हटलं, साडेतीनची असेल, नक्की आठवत नाही. बाई म्हणाल्या, अंदाज नको, तारीख असेल तर बघ. तेव्हा मला जुन्या वह्या आठवल्या. ट्रंकेच्या तळाशी सापडली. साडेतीन वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, आतापेक्षा जरा बरं:

"४ मार्च. आज ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, नाव? (वहीत लिहायला विचारलं. पण विचारलं.) मला माझं नाव आठवेना. घरी आलो तर मेंढी व्याली होती. मादी कोकरू, कान काळे. काजळी नाव ठेवलं, कारण तिने आज काजळ घातलं होतं."

साडेतीन वर्षांना पाच दिवस कमी. माझ्याच हाताने लिहिलेलं. काजळीच्या तोंडात काकांचा अंगठा कधी गेलाच नाही, तिचं वय मला कुणी खोटं सांगितलेलं नाही, आणि तिचे दात बाकीच्यांपेक्षा वाईट आहेत.

बाबांना वही दाखवली नाही. नुसती तारीख सांगितली.

३१ ऑगस्ट, गुरुवार

बाजारात गेलो नाही. डॉक्टरबाई पुन्हा आल्या, तीस मेंढ्या एकेक करून पाहिल्या. दहावीनंतर म्हणाल्या, तुला दिसतंय का? मला दिसत नव्हतं. मग त्यांनी दाखवलं.

मधले दोन. प्रत्येकीचे मधले दोन पांढरे, टणक, वयाला शोभेल इतपत घासलेले. बाकीचे सहा भुसभुशीत, डागाळलेले, संपत आलेले. बाई म्हणाल्या, "हे दोन तोंडात घेऊन ती तुमच्याकडे आली. ते आधीच घडलेले होते, म्हणून शाबूत राहिले. पुढचे सहा तुमच्या घरी घडले." मग रुमालाला हात पुसत विचारलं, दोन दाती कोण म्हणालं होतं?

मी सांगितलं.

"मग तो माणूस बरोबर होता. आणखी काय पुरावा हवा, तीस मेंढ्या तोंडात घेऊन फिरतायत."

पुढे त्यांनी खूप विचारलं. चरायला कुठे नेतोस? टेकडीवर. गवत किती उंच? उंच कसलं, मुळाशी कुरतडतात. म्हणजे प्रत्येक घासाला वाळू. खनिजांचं मीठ चाटायला ठेवतोस का? नाही. बाई म्हणाल्या, यात चोर एकटा नसतो, तीन-चार मिळून हात मारतात. पण म्होरक्या कोण ते बघायला हवं. मग हौदाशी गेल्या, कडेचा पांढरा थर नखाने खरवडला.

"बोअर कधीची?"

"चार वर्षांची," बाबा म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

५ सप्टेंबर, मंगळवार

पाणी तपासायची सोय जवळपास एकाच ठिकाणी. माझ्याच कॉलेजात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच सरांकडे. बाटली पिशवीत घालून गेलो. गेल्या वर्षी मी सरांना म्हणालो होतो की नळ्यांत रंगीत पाणी ओतून कुणाचं काही भलं होत नाही, आणि जाताना नळ्यांच्या स्टँडला लाथ घातली होती. स्टँड अजून तिथेच आहे. एक पाय वाकडा, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली.

सरांनी ओळखलं. बस म्हणाले. तासाभराने आकडा कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला. पाण्यात फ्लोराइड, चालतं त्याच्या जवळजवळ पाचपट. खोलवरच्या दगडातून येतं. पाणी दिसायला छान असतं, चवीलाही बरं. दात घडत असताना पोटात गेलं की दात कच्चा घडतो. ज्याचे दात आधीच घडून गेलेत त्याला फारसं काही होत नाही. म्हणून म्हातारी कराकरा दांडे मोडते.

घरात हेच पाणी पिता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आम्हाला नळ आहे. बोअर फक्त मेंढ्यांना.

निघताना सर म्हणाले, "हा धडा दुसऱ्या सत्रात होता. तू पहिल्यात गेलास." टोमणा मारायचा असता तर बरं होतं, त्यांनी ते नुसतं सांगितलं.

घरी येऊन कागद बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "बोअरचं भांडण तू जिंकलास. बाजारातलंही तूच जिंकलास." आणि चहा न घेता उठले. आई म्हणाली, जेवून घे. 

७ सप्टेंबर, गुरुवार

बाजारात काकांच्या बाकावर उभा राहिलो. उभं राहायला नको होतं, पण लोकांनी ऐकावं म्हणून. सगळं सांगितलं. बोअर माझी, पाणी वाईट, काका बरोबर, चूक माझी. सरांचा कागदही वर धरला.

गेल्या वेळी वीस माणसं जमली होती, आज सहा-सात. एकजण म्हणाला, सासऱ्याची बाजू घेतोय. हशा पिकला. दुसरा म्हणाला, पोरीने तंबी दिली असेल. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. जन्मात पहिल्यांदा गेलो नाही. मग तिसऱ्याने अगदी साधेपणाने विचारलं, "म्हातारा बरोबर होता तर त्या दिवशी गप्प का बसला?"

 तोच प्रश्न मी वहीत लिहून ठेवला होता.

खिडकीत कुणी दुसराच बसला होता. त्याने सांगितलं, दातांचा रकाना काढून टाकलाय, आता ज्याचं त्याने बघायचं. तिने मागच्याच आठवड्यात काम सोडलं.

९ सप्टेंबर, शनिवार

तिच्या घरी गेलो. अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून थांबली नाही, पिळे झटकत राहिली. मी दारातूनच सगळं बोललो, काजळी, मधले दोन दात, पाणी, सर. कागद पुढे केला. त्यांना एकदा दाखवू दे, म्हटलं.

"त्यांना वाचता येत नाही. तुम्हीच सांगितलंत की बाजारात."

मी खाली बसलो. पायऱ्यांवर ओल होती, तरी बसलो. मग विचारलं, ते त्या दिवशी गप्प का बसले?

तिने हातातलं धुणं बादलीत ठेवलं. जे सांगितलं ते असं. अंगठा घातल्याबरोबर काकांना कळलं होतं. मधले दोन चांगले हाताला लागले, म्हणजे आपला आकडा बरोबर आणि पुढचं काहीतरी यांच्या घरीच बिघडलंय. तेवढं बोलले असते तर माणसांनी तिथल्या तिथे माझी पार खिल्ली उडवली असती. घरी येऊन त्यांनी तिला सांगितलं, "उद्या तो या घरात यायचाय. चार लोकांत त्याचं हसं कसं करू?"

मी काही बोललो असेन, आठवत नाही.

"पहिल्या आठवड्यात रोज म्हणायचे, मधले दोन चांगले होते गं. दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागले, चांगले होते ना गं? आता म्हणतच नाहीत. परवा शेजाऱ्यांनी बकरी आणली होती वय बघायला. नको म्हणाले, माझा भरवसा नाही."

मी विचारलं, मी काय करू? तिने बादली उचलली. आत जाताना म्हणाली, कागद नको, मेंढी आणा.

१२ सप्टेंबर, मंगळवार

तीच मेंढी नेली, बाजारात नेलेली. वाटेत दोनदा बसली. आता तिच्यात चालायचंही त्राण नाही.

काका अंगणात खाटेवर होते. माझा आवाज ऐकून "ये" म्हणाले, बाबांचं विचारलं, पावसाचं विचारलं. मी पायांशी बसलो आणि सगळं सांगितलं. पाहुण्याचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवत. मी माफी मागितली तेव्हाही तशीच मान हलवली. म्हणाले, होतं असं, तरुण रक्त आहे. माझ्या बोलण्याने त्यांच्यात काहीच हललं नाही. मी कधीपासून बोलतोय आणि कधीपासून ते ऐकत नाहीयेत हेही मला कळलं नाही.

मग तिने मेंढी जवळ आणली आणि त्यांचा हात धरून तिच्या तोंडाशी नेला. काकांनी हात मागे घेतला. पाणी मागितलं. अंगठा आधी धुतला. पूर्वी नंतर धुवायचे.

मग ओठाखाली सरकवला. डोळे मिटले नाहीत. मी जिथे बसलो होतो त्या बाजूला ते उघड्या, दुधी डोळ्यांनी बघत राहिले. अंगठा कडेला गेला, खुंटांवरून फिरला, मध्ये आला, थांबला. मेंढीसुद्धा हलली नाही.

"हे दोन," काका म्हणाले, "हे दोन माझे... ना रे?"

चाळीस वर्षं त्यांनी बाजारात आकडे सांगितले. दोन म्हणजे दोन, सहा म्हणजे सहा. आकड्यापुढे कधी 'ना' लावला नाही. कुणाकडे बघून विचारलं नाही. तो 'ना' त्यांचा नव्हता. तो मी लावला.

"तुमचेच, काका," मी म्हणालो. "बाकीचे सहा माझे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं पटलं. मग अंगठा तिथेच ठेवून त्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि तिलाही विचारलं, "दोनच ना गं?" ती हो म्हणाली. तीनदा हो म्हणाली.

निघताना मी म्हटलं, गुरुवारी बाजारात या, मी न्यायला येतो. म्हणाले, बघू. कोकरं किती गेली, हे मात्र विचारलं. नऊ, मी म्हणालो. त्यांनी च्‌ च्‌ केलं, नऊ कोकरं त्यांचीच गेल्यासारखं.

ती फाटकापर्यंत आली. मी काहीतरी बोलणार तोच म्हणाली, "जा आता."

जा. जा म्हणाली, तुम्ही जा असं नाही. तीन आठवड्यांनी तिने मला पुन्हा आपल्यातलं मानलं. मेंढी खांद्यावर घेऊन आलो, आणि वाटभर तेवढा एक शब्द बरोबर होता. गुरुवारी जाईन तेव्हा पुढचं बोलेन.

१४ सप्टेंबर, गुरुवार

काका आले नाहीत. न्यायला गेलो तर दार आतून लावलेलं. आत हालचाल ऐकू आली. दमले असतील.

२१ सप्टेंबर, गुरुवार

घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, परवा गेले, मोठ्या मुलीकडे, सामानासकट. मी विचारलं, परत कधी येणार? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, खाटसुद्धा नेली रे.

पत्ता मागितला. तिला माहीत नव्हता, किंवा सांगायचा नव्हता.

"जा आता" चा अर्थ मी नऊ दिवस चुकीचा लावला.

२८ सप्टेंबर

बोअरच्या नळाला बाबांनी गोणपाट बांधलं. आता सकाळ-संध्याकाळ कळप तळ्यावर नेतो, चार वर्षांपूर्वीसारखा. जाताना मेंढ्या हौदाशी थांबतात, हुंगतात, मग चालतात. डॉक्टरबाई म्हणतात, गेलेले दात येणार नाहीत. बारीक चिरून, भिजवून घाला, जगतील तेवढ्या जगतील. पण पुढच्या कोकरांचे दात धड घडतील. दोन तास चारा चिरतो. हाताला फोड आलेत.

आज सकाळी काजळी व्याली. एकच कोकरू, मादी, तिचेही कान काळे. दूध थोडं आहे, पण आहे. बाबांनी विचारलं, नाव काय ठेवतोस? मी म्हटलं, राहू दे सध्या. तारीख वर लिहिली आहे. त्या दिवशी कोण काय बोललं, कुणी काय घातलं होतं, असलं काही या वेळी लिहायला नाही.

कोकराला मांडीवर घेतलं, ओठाखाली अंगठा सरकवला, डोळे मिटले. गरम, ओलं तोंड. दुधाच्या दातांची टोकं हाताला लागली. याचा आकडा शेंबड्या पोरालाही सांगता येईल. मी मोठ्याने म्हणालो, "अदात."

आणि मागोमाग माझ्याच तोंडून निघालं, "ना?"

काजळीने मान वर करून पाहिलं, आणि परत चिरलेला चारा चघळायला लागली.